रिपोर्ट आणि ऑपरेशन यांच्या मधले दिवस

“ताई, माझं वय ४७. डाव्या स्तनात २.१ सेंटीमीटरची गाठ. बायॉप्सीचा रिपोर्ट येऊन ११ दिवस झाले, ऑपरेशनची तारीख आणखी २४ दिवसांनी आहे. रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ लिहिलंय, म्हणजे तिसरी स्टेजच ना? एका तपासणीपुढे ‘२+’ आहे आणि तो नमुना पुन्हा कुठेतरी पाठवलाय. डॉक्टर म्हणतात, घाई नाही. घाई नाही कशी? बायॉप्सीनंतर गाठ मोठी झालीय, माझ्या हाताला कळतंय. रोज रात्री सगळे झोपले की मी हात लावून बघते. गाठ लागत असूनही दोन महिने मी डॉक्टरांकडे गेले नव्हते, ते डोक्यातून जात नाही. घरात सगळे ‘चांगला विचार कर’ म्हणतात. १४ वर्षांच्या मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. हे २४ दिवस काढू कसे?”

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या रात्रीच्या हाताबद्दल बोलू. मीही लावायचे. माझा रिपोर्ट आणि ऑपरेशन यांच्यात २६ दिवस होते आणि त्यातली एकही रात्र मी ती गाठ चाचपल्याशिवाय झोपले नाही. दिवसा धीर व्हायचा नाही, अंधारात व्हायचा. आणि बोटं रोज एकच सांगायची, काल एवढी नव्हती. शेवटी मी सर्जनना विचारलं तेव्हा कळलं की बायॉप्सीची सुई आत जाते तिथे थोडं रक्त साकळतं, आजूबाजूला सूज येते. ती सूज हाताला गाठीसारखीच घट्ट लागते आणि उतरायला काही आठवडे घेते. त्यात आपण रोज तीच जागा दाबत राहतो, ती दुखरी होते, आणि दुखायला लागली की मन म्हणतं, बघ, वाढतेय. सुई लागल्यामुळे कॅन्सर पसरतो असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल (सांगितलं असणारच), तर ती भीती मनातून काढून टाका. या तपासणीशिवाय नीट उपचार ठरवताच येत नाहीत.

म्हणून माझी पहिली विनंती: पुढच्या तपासणीपर्यंत हात लावणं थांबवा. गाठ मोजायचं काम सोनोग्राफीचं, ते तिला करू द्या. मात्र संपूर्ण स्तन लाल, गरम झाला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसू लागली, ताप आला, किंवा बायॉप्सीची जागा वाहू लागली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.

आता ‘घाई नाही’. मला डॉक्टरांच्या या दोन शब्दांचा राग आहे. ते चुकीचे नाहीत, पण त्यांच्या मागचं सगळं ते सांगत नाहीत, आणि मग पेशंट ते ‘हिला काही किंमत नाही’ असं ऐकतो. मागचं असं आहे. एका पेशीपासून १ सेंटीमीटरची गाठ व्हायला पेशींची संख्या साधारण ३० वेळा दुप्पट व्हावी लागते, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये एका दुपटीला बऱ्याचदा काही महिने लागतात, वेगानं वाढणाऱ्या प्रकारांत काही आठवडे. म्हणजे रिपोर्ट आला त्या दिवशी जन्मलेली ही गोष्ट नाही. बहुतेकींच्या शरीरात ती कित्येक वर्षं होती. आपल्याला ती ११ दिवसांपूर्वी कळली, म्हणून ११ दिवसांत सगळं घडतंय असं वाटतं.

तरी उशिरानं काहीच बिघडत नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कॅन्सरच्या उपचारांतल्या उशिराचा एक मोठा आढावा आला होता. त्यात ऑपरेशनला दर ४ आठवडे उशिरामागे मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे टक्के मूळ धोक्यावरचे आहेत. म्हणजे समजा एखादीचा धोका १०० मध्ये १० असेल, तर तो १०.८ च्या आसपास जातो. १८ होत नाही. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या, आधी केमो न घेता थेट ऑपरेशन झालेल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात निदानापासून ८ आठवड्यांपर्यंत जगण्यात फरक दिसला नाही, त्यानंतर मात्र दिसू लागला. तुमचे ११ आणि २४ मिळून ३५ दिवस होतात, म्हणजे ५ आठवडे. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं ‘घाई नाही’ मला पटतं. पण ही तारीख पुढे ढकलली गेली, मग परत ढकलली गेली, तर गप्प बसू नका. तेव्हा विचारायचं, का, आणि जास्तीत जास्त कधीपर्यंत.

रिपोर्टकडे येते. ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत इतक्या जणी करतात की रिपोर्टवरच ते छापायला हवं. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात, नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या आणि किती वेगानं विभागणाऱ्या. ग्रेड १, २, ३ एवढेच असतात. स्टेज ठरते गाठीच्या आकारावरून, काखेतल्या ग्रंथींपर्यंत आजार गेलाय का यावरून, आणि शरीरात इतरत्र काही आहे का यावरून. स्टेज चौथीपर्यंत असते. ग्रेड ३ ची गाठ पहिल्या स्टेजमध्येही असू शकते. ग्रेड ३ म्हणजे पेशी चपळ आहेत, हे खरं, आणि केमोचा विचार करताना ते बघतात. पण ‘तिसरी स्टेज’ असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणि तो ‘२+’. तो बहुधा हर-२ या, पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाचा आहे. ० किंवा १+ आलं तर निगेटिव्ह धरतात, ३+ आलं तर पॉझिटिव्ह. २+ म्हणजे डोळ्यांना नक्की सांगता येत नाही, म्हणून फिश नावाची तपासणी करून पेशींमधलं जनुक प्रत्यक्ष मोजतात. तिला काही दिवस जातात. ते दिवस वाया जातायत असं तुम्हाला वाटत असेल, पण तुमच्या ऑपरेशनची तारीख खरंतर याच उत्तरावर उभी आहे. हर-२ पॉझिटिव्ह निघालं, तर २ सेंटीमीटरच्या वरच्या गाठीला अनेकदा आधी केमो आणि हर-२ वरचं औषध देतात आणि ऑपरेशन नंतर करतात. त्यामुळे गाठ लहान होते, कधी पूर्ण नाहीशी होते, आणि औषध लागू पडतंय का ते डोळ्यांसमोर कळतं. तसं ठरलं आणि तारीख पुढे गेली, तर ‘आता ऑपरेशनही करत नाहीत, म्हणजे हाताबाहेर गेलं’ असा अर्थ कृपया काढू नका. उपचार त्या दिवशीच सुरू झालेले असतील, फक्त त्यांचा क्रम बदललेला असेल.

उद्या सकाळी फोन करून एवढं विचारून घ्या: फिशचा रिपोर्ट कधी येणार, आणि तो माझ्या तारखेच्या आधी डॉक्टर बघणार आहेत ना? रिपोर्ट आलाय पण कुणी उघडला नाही, असं माझ्या बाबतीत चार दिवस झालं होतं. तेव्हा मी ‘त्रास कशाला द्यायचा’ म्हणून फोन केला नाही. आज करेन.

तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, कारण माझ्या त्या २६ दिवसांत ती मला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. साधारण ५० वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेत आणि इतरही अनेक ठिकाणी हा मधला काळ नव्हताच. गाठ सापडली की बाईची आधीच संमती घ्यायची, तिला भूल द्यायची, टेबलावरच तुकडा काढून तपासायचा, आणि कॅन्सर निघाला तर तिथल्या तिथे संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी काढून टाकायच्या. बाई शुद्धीवर यायची तेव्हा तिचा हात पहिल्यांदा छातीकडे जायचा, काय उरलंय ते बघायला. १९७४ मध्ये रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईंना गाठ लागली. त्यांनी हट्ट धरला: आधी बायॉप्सी करा, मला शुद्धीवर येऊ द्या, मग मी ठरवेन. याला तयार होणारा सर्जन शोधताना त्यांना बरेच नकार मिळाले. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीत त्या बसल्या, आणि निदान वेगळं आणि ऑपरेशन वेगळं असं दोन टप्प्यांत व्हावं अशी शिफारस त्या समितीनं केली.

तुम्ही ज्या दिवसांना वैतागला आहात ते दिवस असे भांडून मिळालेले आहेत. ते कशासाठी मागितले होते? तर स्वतःच्या शरीराचं काय करायचं हे बाईला विचारलं जावं म्हणून. मला तुमच्या पत्रात एक गोष्ट दिसली नाही: तुमचं नेमकं कुठलं ऑपरेशन होणार आहे? फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग, की पूर्ण स्तन? हे तुम्हाला विचारलं होतं का? अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी सत्तरीच्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. त्यामुळे ‘सगळं काढून टाका म्हणजे कटकट नको’ हा निर्णय घाबरून घेऊ नका, आणि ‘स्तन वाचवायचाच’ हाही कुणाच्या तरी आग्रहाखातर घेऊ नका. कधी गाठी एकापेक्षा जास्त जागी असतात, कधी रेडिएशन देता येत नाही, कधी बाईलाच पूर्ण काढून मोकळं वाटतं. कारण काहीही असो, ते तुम्हाला माहीत हवं. घरात जवळच्या कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा बीजाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही आत्ताच सांगा. जनुकीय तपासणीचा निकाल यायला काही आठवडे लागू शकतात, आणि त्यानं ऑपरेशनचा निर्णय बदलू शकतो. दुसरं मत घ्यावंसं वाटत असेल तर तेही याच दिवसांत. रिपोर्टबरोबर बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेला तुकडा) मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि चांगले डॉक्टर त्यावर रागावत नाहीत.

दिवसांचं काय करायचं म्हणाल, तर शरीराला थोडं कामाला लावा. रोज चालत जा. खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या, कारण नंतर दुखऱ्या हातानं नवीन काही शिकणं अवघड जातं. तंबाखू, सिगारेट असेल तर आजपासून बंद. जखम भरण्यावर त्याचा सरळ परिणाम होतो. तुम्ही घेता ती प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण, व्हिटॅमिन कागदावर लिहून भूलतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि चालूही ठेवू नका, त्यांना विचारा. पुढून उघडणारे सैल कपडे आणि काखेखाली ठेवायला एक छोटी मऊ उशी आधीच काढून ठेवा. काखेतली पहिली ग्रंथी शोधायला निळा रंग वापरला तर नंतर लघवी निळी-हिरवी होते. मला हे सांगितलं नव्हतं आणि मी किंचाळले होते.

रात्रीचा उपाय माझ्याकडे अर्धाच आहे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात, आणि मन हे काम रात्री तीनला करतं. मी उशाशी वही ठेवली होती. जो विचार यायचा तो प्रश्न करून लिहायचा. ‘मी मरणार’ हे वहीत लिहिलं की तसंच भयंकर दिसतं. ‘काखेतल्या ग्रंथीत निघालं तर पुढे काय उपचार?’ हे लिहिलं की त्याला उत्तर असतं आणि ते देणारा माणूस असतो. पुढच्या भेटीला ती वही घेऊन गेले, एक माणूस बरोबर नेला, आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं, कारण त्या खोलीत ऐकलेलं अर्धं बाहेर येईपर्यंत विसरायला होतं. रात्री इंटरनेटवर जगण्याचे टक्के शोधू नका. पाच किंवा दहा वर्षांचे ते आकडे ज्यांच्यावरून काढलेत त्यांचे उपचार तेवढ्याच वर्षांपूर्वी सुरू झाले होते, आणि त्यात तुमचा हर-२ चा निकाल कुठेच नाही. सलग काही रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, जेवण जाईना, किंवा जगणंच नको असं एकदा जरी वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. झोपेसाठी, भीतीसाठी थोडे दिवस औषध घेणं यात काहीही कमीपणा नाही. तेही कॅन्सरच्या उपचारांतच मोडतं.

‘चांगला विचार कर’ म्हणणाऱ्यांवर रागावू नका, पण त्यांचं ओझंही घेऊ नका. रडल्यानं, घाबरल्यानं गाठ वाढत नाही. मनात वाईट विचार आला म्हणून आजार बळावला, असं झालं नाही आणि होणार नाही. घरातल्या एका माणसाला सगळ्यांचे फोन घ्यायला सांगा. आणि नवऱ्याला, बहिणीला, जे कुणी असेल त्यांना, काय करावं ते स्पष्ट सांगा: ‘मला समजावू नकोस, माझ्याशेजारी बस.’ माणसांना बहुतेक वेळा हेच कळत नसतं.

त्या दोन महिन्यांबद्दल. लवकर गेला असता तर बरं झालं असतं का? हो, आणि हे वाचणाऱ्या ज्या कुणी आज अशीच गाठ घेऊन गप्प बसल्या असतील त्यांनी उद्याच जावं. पण तुम्ही गेलात. भीतीमुळे थांबला होता, आळसामुळे नाही, आणि तीच भीती घेऊन गेलात. त्या आधी वर्षानुवर्षं वाढलेल्या गाठीचा सगळा दोष या दोन महिन्यांवर टाकू नका. सर्जन तुम्हाला त्याबद्दल विचारतील ते तारीख लिहून घेण्यापुरतं. उत्तर द्या आणि पुढे व्हा.

राहिली मुलगी. तिला काहीच माहीत नाही असं तुम्ही म्हणता. १४ वर्षांच्या मुलीला घरातला आवाज बदललेला कळतो. तिला कळत नाही ते कारण, आणि मग ती स्वतःच एखादं ठरवते, बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर, किंवा मग आपलंच काही चुकलं असं. तिला या आठवड्यात सांगा. रात्री नको, सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे पुढचा सगळा दिवस तिच्या प्रश्नांसाठी हाताशी राहील. ‘गाठ’ म्हणून थांबू नका, ‘स्तनाचा कॅन्सर’ हेच शब्द वापरा. ते तिला बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू देत. ऑपरेशन कधी आहे, दवाखान्यात किती दिवस, तिला शाळेत कोण सोडणार, हेही सांगा. ती ‘तू मरणार का?’ असं विचारेल, किंवा विचारणार नाही आणि मनात धरून बसेल. तेव्हा तुम्हीच म्हणा: ‘डॉक्टर मला बरं करण्यासाठी उपचार करतायत. सगळं अजून कळलेलं नाही. जे कळेल ते मी तुला सांगेन, तुझ्यापासून लपवणार नाही.’ यापेक्षा मोठं वचन देऊ नका, पण हे मात्र पाळा. ऐकून ती उठून आपल्या खोलीत गेली तर जाऊ द्या. येईल.

माझा मुलगा तेव्हा १२ वर्षांचा होता. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ऑपरेशननंतर जी नळी लावतात ती कधी काढतात. मी म्हटलं, रोज किती पाणी जमतं ते मोजायचं, ते कमी झालं की काढतात. मग मोजायचं काम त्यानं मागून घेतलं. माझी रात्रीची प्रश्नांची वही त्यानं उलटी करून मागच्या पानापासून वापरली: तारीख, वेळ, किती मिली. ११ दिवसांच्या नोंदी आहेत. शेवटची अशी: ‘२० मिली. नळी काढली. आईला दुखलं नाही म्हणाली.’